हरवला नव्हता, नेला होता

माणूस हरवल्याच्या, म्हणजे आमच्या भाषेत 'मिसिंग'च्या, कितीतरी तक्रारी मी नोकरीत नोंदवल्या. बहुतेकांचे चेहरे आता आठवत नाहीत. एक तक्रार मात्र मनातून जात नाही, कारण तिचा तपास करत करत मी पोलिसांच्याच दारात जाऊन पोचलो होतो.

तेव्हा मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. या हकिकतीत कोणाचं नाव घेणार नाही, गावाचंही नाही. ज्यांनी सोसलं त्यांना आता शांतपणे जगायचं आहे.

सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. केबिनच्या दारातून मला ठाणे अंमलदारासमोर उभी असलेली एक बाई दिसली. तिशीतली, ब्लाऊज शिवून देणारी. तिचा नवरा एका छोट्या दैनिकाचा वार्ताहर होता आणि मोबाईलवर स्वतःचं बातम्यांचं चॅनलही चालवायचा. काल दुपारपासून तो घरी आला नव्हता.

ठाणे अंमलदाराने नेहमीचा प्रश्न विचारला, "घरात भांडण झालं होतं का?"

"भांडण तर रोजच व्हतंय, साहेब. भांडून बी ते जेवायला घरीच येतेत."

"माहेरी गेला असेल तुमच्या."

"माझं माहेर अर्धापूरकडं, केळीवाले आहोत आम्ही. वडिलाला फोन लावला. तिकडं बी न्हाईत." एवढं बोलून तिचा आवाज खाली आला. "काल ते तिकडं बातमीला गेलते, म्हणून मी आधी शेजारच्या ठाण्यात गेलते. ते म्हणले, ऱ्हाता तिकडं, तिकडंच नोंद करा."

मी तिला आत बोलावलं आणि खुर्ची दिली. अनुभव असा की तक्रार घेऊन आलेला माणूस उभा असला की तो फक्त विचारलेलं सांगतो. बसला की न विचारलेलंही सांगतो. बसल्यावर तिने जे सांगितलं ते असं.

शेजारच्या हद्दीत, जिल्हा कोणता ते मुद्दाम लिहीत नाही, एका गावाला खडी क्रशरचा त्रास होता. सुरुंगांच्या हादऱ्यांनी शाळेच्या भिंतींना तडे गेले होते. गावातल्या बायकांनी क्रशरच्या रस्त्यावर सतरंज्या टाकून धरणं धरलं. त्या सकाळी यायच्या, गाणी म्हणायच्या, दुपारी तिथंच भाकरी खायच्या. चौथ्या की पाचव्या दिवशी एक विशेष पथक आलं आणि बसलेल्या बायकांवर लाठ्या चालवल्या. एकीचा हात मोडला, काहींची डोकी फुटली. पथकाने कागदावर लिहिलं की जमावाने दगडफेक केली. पण हा वार्ताहर तिथं उभा होता आणि सगळं मोबाईलवरून थेट दाखवत होता. त्यात दगड कुठंच नव्हता.

"दोन दिवस फोन येऊन राहिलते," ती म्हणाली, "व्हिडिओ काढून टाक म्हणून. यांनी न्हाई काढला." मग तिने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. "लहानपणापासून मिरगी हाय त्यांना. सकाळ-संध्याकाळ गोळी लागती. ती बी घरीच राहिली."

मी स्वतःसमोर मिसिंग नोंदवून घेतली, स्टेशन डायरीला नोंद केली आणि आसपासच्या सगळ्या ठाण्यांना वायरलेसवरून वर्णन पाठवलं. ही आमची रोजची पद्धत. तालुक्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गोळी अचानक थांबली तर फिटवर फिट येऊ शकते, आणि त्यात माणूस दगावतो.

तासाभरात ठाण्याचा फोन वाजला. पलीकडच्या माणसाने नाव सांगितलं नाही.

"साहेब, ते वायरलेस तुमचंच ना? तो इसम हरवलेला न्हाई. आणलेला हाय."

"कोणी आणला? कुठं आहे?"

फोन कट झाला.

बोलण्यात 'इसम' हा शब्द महाराष्ट्रात कोण वापरतं? माणूस म्हणतात, गडी म्हणतात, बाप्या म्हणतात. 'इसम' फक्त पोलिसाच्या तोंडात बसलेला असतो. वायरलेसही पोलीसच ऐकतो. म्हणजे फोन करणारा आमच्यातलाच होता, आणि त्याला ते सहन होत नव्हतं.

दुपारी मी त्या विशेष पथकाच्या कार्यालयात गेलो. सोबत एक फौजदार आणि एक महिला शिपाई घेतली. पथकप्रमुख माझ्यापेक्षा बराच तरुण. प्रशिक्षणानंतर काही महिने माझ्या हाताखाली होता, त्याच्या लग्नालाही मी गेलो होतो. त्याने उठून सॅल्यूट केला, चहा मागवला. दाराशी एक चाळिशी उलटलेला हवालदार उभा होता.

मी म्हणालो, "एक वार्ताहर मिसिंग आहे. तुमच्या भागात शेवटचा दिसला."

"सर, तो माणूस म्हणजे डोकेदुखी आहे," तो हसत म्हणाला. "लपून बसला असेल कुठंतरी. उद्या बाहेर येईल आणि पोलिसांनी मारलं म्हणून बोंब मारेल."

मारल्याचा विषय मी काढला नव्हता. पण तो मुद्दा मी तिथंच धरला नाही. हुशार माणसाला शब्दात पकडलं की तो सावध होतो आणि मग तासन्‌तास काही हाती लागत नाही. खिशातून गोळ्यांची पट्टी काढून मी टेबलावर ठेवली.

"त्याला मिरगी आहे. कालपासून गोळी पोटात नाही. डॉक्टरांशी बोललोय, संध्याकाळपर्यंत दिली नाही तर जिवावर बेतेल. तो कुठं आहे हे मी तुम्हाला विचारतच नाही. कोणाला भेटला तर एवढी गोळी द्या."

पथकप्रमुखाने पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. "आम्हाला कुठं भेटणार तो, सर?"

तेवढ्यात दाराशी उभा असलेला हवालदार बोलला, "साहेब, उपाशीपोटी दिली तर चालतंय का?"

चहा घेऊन आलेला शिपाई ट्रे हातात धरून तसाच उभा राहिला. आपण काय बोललो ते हवालदाराच्या लक्षात आलं होतं. त्याचा चेहरा पडला, पण त्याने मान खाली घातली नाही. सकाळच्या फोनवरचा आवाज मी ओळखला.

"चालतंय," मी त्याला म्हणालो. "चला, आपण दोघं मिळून देऊ."

पथकप्रमुख उठून माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, आपण एका खात्याचे आहोत. रात्रीपर्यंत सोडतोच आहे त्याला. तो व्हिडिओ जुना आहे, दुसऱ्याच गावचा आहे, एवढं कॅमेऱ्यासमोर बोलला की विषय संपला. तुम्ही कशाला मध्ये पडता?"

खोटं सांगू नये म्हणून लिहितो, त्या क्षणी मागं फिरावं असंही वाटलं. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती. पोलिसावर हात टाकणाऱ्या पोलिसाला खात्यात कोण विचारतं, हे मला ठाऊक होतं. मी त्याच्यासमोरच आमच्या पोलीस अधीक्षकांना फोन लावला आणि घडलं ते सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न केला.

"मिसिंगची नोंद झाली आहे?"

"झाली आहे, सर."

"मग थांबू नका. तिकडच्या अधीक्षकांशी मी बोलतो."

हवालदार आमच्या गाडीत बसला. वाटेत त्याने एवढंच सांगितलं, "काल त्याला फिट आली व्हती, साहेब. मी तोंडात चमचा घालाय गेलो, माझंच बोट चावलं." तोंडात काही घालायचं नसतं, कुशीवर करायचं असतं, असं महिला शिपायाने त्याला सांगितलं. तो मान हलवत राहिला. बोटाला चिंधी बांधलेली होती.

एका बंद पडलेल्या सरकारी वसाहतीत, गवत माजलेल्या क्वार्टर्सपैकी एकात वार्ताहराला ठेवलं होतं. जवळच्या वस्तीवरून दोन पंच घेतले. दारावरचा शिपाई म्हणाला, "वरून आदेश हायेत."

"लेखी दाखवा."

लेखी काहीच नव्हतं. अटक दाखवलेली नव्हती, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलेलं नव्हतं, घरच्यांना कळवलेलं नव्हतं. दार उघडलं.

तो कोपऱ्यात फरशीवर बसला होता. ओठ फाटलेला, तळपाय सुजून काळेनिळे. खाकी कपडे दिसल्याबरोबर त्याने पाय पोटाशी ओढून घेतले. इतक्या वर्षांत गुन्हेगार मला घाबरलेले मी पाहिले होते आणि त्याचं काही वाटलं नव्हतं. या माणसाने पाय ओढून घेतले तेव्हा मात्र अंगावरच्या वर्दीची लाज वाटली. मी टोपी काढली आणि त्याच्यापासून थोडा दूर फरशीवर बसलो.

"तुमच्या मिसेसनी गोळी पाठवली आहे."

"मी व्हिडिओ जुना म्हणणार नाही," तो म्हणाला. त्याला वाटलं, ही आमची नवी युक्ती.

मी त्याच्या बायकोला फोन लावून मोबाईल त्याच्या कानाशी धरला. पलीकडचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. "आवो, आधी गोळी घ्या. मग काय बोलायचं ते बोला." त्याने गोळी घेतली, पाणी प्याला, आणि मग लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. पंचांपैकी एकाने खांद्यावरचं उपरणं त्याच्या हातात दिलं.

पुढचं काम कायद्याने झालं. त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन वैद्यकीय तपासणी केली, एकेक जखम लिहून घेतली. त्याचा जबाब झाला. हद्द आमची नव्हती, म्हणून शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो मी तिकडच्या ठाण्याकडे वर्ग केला. तपास दुसऱ्या यंत्रणेकडे गेला, आणि ते योग्यच होतं. जबाब घेताना मी त्याला विचारलं, "एक वाक्य बोलून सुटला असतात. का नाही बोललात?"

तो म्हणाला, "साहेब, बायांची डोकी फुटलेली मी डोळ्यानं बघितली. मी व्हिडिओ खोटा म्हणलो असतो, तर त्यांच्या डोक्याचे टाके बी खोटेच ठरले असते."

नंतरचे महिने सोपे गेले नाहीत. बैठकीत शेजारची खुर्ची रिकामी राहायची. एका जुन्या सहकाऱ्याने मुलाच्या लग्नाचं निमंत्रण दिलं नाही. पण माझं सोडा, हवालदाराचं खरं अवघड होतं. त्याला रोज तीच माणसं, तीच पोलीस लाईन, तेच क्वार्टर. तरी त्याने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब दिला. मी त्याला विचारलं, भीती नाही वाटत का? तो म्हणाला, "वाटती की. पण त्या धरण्यात माझ्या चुलतीच्या वयाच्या बाया व्हत्या, साहेब. त्या दिवशी मी बी लाठी उचलली व्हती. खाली आली न्हाई, एवढंच."

पथकप्रमुख आणि त्याचे दोन साथीदार निलंबित झाले. खटला उभा राहिला. मला साक्षीला बोलावलं तेव्हा मी जे पाहिलं ते सांगितलं. बायकांवरचा दगडफेकीचा गुन्हा मागे घेतला गेला. खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे, पण लागेल, असा माझा विश्वास आहे, कारण साक्षीदार फिरलेले नाहीत.

पावसाळा सरल्यावर त्या बायका पुन्हा धरण्याला बसल्या. बंदोबस्तासाठी दुसरीकडचा अधिकारी हवा, असं वरून ठरलं आणि मला पाठवलं. निघण्यापूर्वी मी जवानांना एवढंच सांगितलं: लाठ्या गाडीत राहतील, पाण्याचा टँकर सावलीला लावायचा, आणि बसलेल्या माणसाशी बोलायचं असेल तर वाकून बोलायचं.

वार्ताहरही आला होता. जरा लंगडत होता, पण हातात नवा मोबाईल होता. मला बघून त्याने मान हलवली आणि कामाला लागला. माझाही व्हिडिओ काढला. मी आडवा हात केला नाही.

हात मोडलेली बाई पुढेच बसली होती. हात अजून नीट वळत नव्हता. दुपारी तहसीलदार आले. शाळेच्या भिंतींची तपासणी होईपर्यंत सुरुंग बंद, असा आदेश त्यांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. बायकांनी तो दुसऱ्यांदा वाचायला लावला. मग एकीने हलगी मागवली आणि रस्त्यावरच फुगडी सुरू झाली. आमच्या महिला शिपायांना ओढून घेतलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं.

निघताना हात मोडलेली बाई माझ्याकडे आली. म्हणाली, "साहेब, पुढच्या बारीला आम्ही गावच्या रस्त्यासाठी बसणार हाव. तवा बी तुमचीच माणसं घेऊन या."

"आधी अर्ज द्या ठाण्यात."

"देऊ की. पण बसणार तर हावच."

नोकरीला लागलो तेव्हा एका वरिष्ठांनी शिकवलं होतं की लोक भिऊन असले की हद्द शांत राहते. बरीच वर्षं मीही तसं मानलं. ज्या बाईचा हात आमच्याच माणसांनी मोडला होता, ती त्या दिवशी मला तोंडावर सांगत होती की आम्ही पुन्हा बसणार आणि बंदोबस्ताला तुम्हीच या. तिला माझी भीती नव्हती. रस्ता मिळेपर्यंत तिला शांतपणे बसायचं होतं, आणि तेवढा वेळ पोलीस आपल्या बाजूला उभे राहतील, असं तिने धरलं होतं. इतक्या वर्षांत माझ्या कामावर कोणी याहून मोठा विश्वास टाकल्याचं मला आठवत नाही.