दांडीवर बांधलेला हात

माझ्या शरीरात माझं ऐकणारा एकच इसम उरला होता, तो म्हणजे उजवा हात. स्नायू झिजत जाण्याच्या आजारात आधी पाय गेले, मग खांदे, मग मान डुलायला लागली. उजव्या हाताची बोटं मात्र विजेच्या खुर्चीची जॉयस्टिक हलवण्याइतकी शाबूत होती. आमच्या घरी तिला दांडी म्हणतात. कोल्हारच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरला साइड न देणारा एकमेव ड्रायव्हर, अशी माझी ख्याती होती. पसरवली मीच होती.

मग हात टेकायच्या गादीवरून घसरायला लागला. एकदा मांडीवर पडला की दांडी समोर दिसायची, पण हात काही वर यायचा नाही. रस्त्यात असा अडकलो की ऊन खात बसलोय म्हणायचं, आणि कुणी ओळखीचं भेटलं की सांगायचं, हाताला मुंग्या आल्यात, जरा उचलून वर ठेवा. भर मे महिन्यातही मी ऊन खात होतो आणि लोक मान डोलवत होते.

आईला मात्र कळू द्यायचं नव्हतं. नगरच्या मेकॅनिकनं तिच्यादेखत सांगून ठेवलं होतं की हात गेला तर दांडी पाठीमागं बसवता येते, मागचा माणूस खुर्ची चालवतो. म्हणजे मी सामान. वडील गेल्यापासून आईच मला उचलते, आंघोळ घालते, कूस बदलते. माझ्या अंगाचं तिला ठाऊक नाही असं काही उरलेलं नाही. कुठं वळायचं, एवढंच काय ते माझं माझ्याकडं होतं.

चुलत्याचं पंक्चरचं दुकान आहे. रविवारी चर्चमध्ये उपासनेला जाताना आईला पुढं पाठवून मी तिथं थांबलो आणि जुन्या ट्यूबची पट्टी कापून कोपर गादीला आवळून बांधून घेतलं. कशाला रे, म्हणाला. म्हटलं, मोठ्या शहरात आता असंच बांधतात. वरून शालीचं टोक सोडलं. त्या दिवशी हात तसूभर हलला नाही. प्रवचन कशावर होतं ते मला आजही सांगता येणार नाही, मी हाताकडंच बघत होतो.

उपासना सुटली. बाहेर पटांगणात बायका एकमेकींना सलाम करत उभ्या होत्या, आई त्यांच्यात पाठमोरी. दारातल्या उतारावर खुर्चीला हिसका बसला, माझं धड पुढं कललं आणि मनगट दांडीवर रेललं. एरवी तो नालायक हात घसरून मांडीवर पडला असता आणि खुर्ची आपोआप थांबली असती. घसरणं हाच माझा ब्रेक होता, आणि तो मी हौसेनं बांधून आलो होतो. वेगही ऐटीत वाढवून ठेवलेला. ओरडलो, पण माझ्या छातीतून निघणारा ओरडा खोकल्याएवढाच. चपलांच्या रांगेवरून खुर्ची थेट आईच्या घोट्यावर गेली. पाळकांनी धावत येऊन खटका बंद केला.

घोटा मोडला. आई प्लास्टर घालून एका कॉटवर, मी दुसऱ्यावर. चुलती सकाळ-संध्याकाळ येऊन दोघांचं करायची. मधल्या वेळात माझी कूस बदलायला कुणी नव्हतं. त्याच दिवसांत माझ्या पाठीला जखम पडली, ती अजून भरलेली नाही.

ट्यूबचं आईनं एकदाच विचारलं.

“मला सांगायला काय झालं हुतं?”

“दांडी मागं लावली असतीस.”

 ती म्हणाली, “लावली असती. पन मला चालवता कुठं येती?”

दोघंही हसलो. हसताना तिचा पाय ठणकला, मला धाप लागली.

मेकॅनिकला फोन मीच करायला लावला.

आता आई लंगडत लंगडत मागून चालवते. वाईट चालवते. दाराच्या चौकटीला धडकते आणि चौकटीलाच बोल लावते. परवाच्या रविवारी उपासना सुटल्यावर तिनं माझी खुर्ची भिंतीकडं तोंड करून उभी केली आणि मागं बायकांशी बोलत राहिली. मला वळव, एवढं म्हणायचं होतं. पण किती दिवसांनी ती उभ्यानं कुणाशी तरी बोलत होती. मी भिंत बघत बसलो.