नजरेसंगं हलणारा कण

नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या एक्स-रेवाल्याचं नाव मला कधीच कळलं नाही. सुप्याच्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो. कुणाच्या डोळ्यात काही उडालं की त्याला घेऊन तिथं जायचो. हा गडी दुखतंय का, असं विचारायचाच नाही. "कशानं काय ठोकत हुता?" म्हणायचा आणि डोळे मिटून उत्तर ऐकायचा.

एकदा छिन्नी ठोकताना आमच्या फिटरच्या डोळ्यात काहीतरी गेलं. त्याला दिसत व्यवस्थित होतं. डॉक्टरांनाही नुसता ओरखडा वाटला. ते थेंब लिहून देऊ लागले.

"लोखंडावर लोखंड हाय, सायेब. फोटू काढूच द्या," एक्स-रेवाला अडून बसला.

त्यानं दोन एक्स-रे काढले. एकदा वर बघायला लावून, एकदा खाली. ओल्या फिल्म उजेडाला धरल्या आणि ओरडला, "हालला! नजरेसंगं कण हालला! म्हंजी आत हाय, बुबळाच्या मागं!"

डॉक्टर धावत आले, तर ह्यानं त्यांनाच धरून गिरकी घेतली. घाबरलेला फिटरसुद्धा हसला.

त्याच दिवशी डॉक्टरांनी लोहचुंबकानं कण काढला. पट्टी सुटली तेव्हा एक्स-रेवाला बोटं नाचवत पुढं उभा. "सांग, किती?"

"आधी हात थांबवा की," फिटर म्हणाला, "मोजू कशी?"