सारजाबाईंचा हात

सारजाबाईंबद्दल लिहायचं तर आधी कबूल करते, मला ती बाई डोळ्यांसमोर नको असायची.

२००७ साली हिंजवडीजवळच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत त्या काचेची भांडी धुवायला लागल्या. कासारसाईच्या. धरणाजवळ थोडी शेती, दारात कोंबड्या, अक्षरओळख सहीपुरती. मी लातूरची, एम.एस्सी. झालेली, सूसला भाड्याने राहून रोज स्कूटीवर येणारी. आमच्यात स्पर्धा कसली? पण झाली.

आम्ही कोंबडीच्या अंड्यातला गर्भ कसा घडतो ते बघायचो. कवचाला खिडकी पाडायची, बोटं फुटत असलेल्या पिलाच्या पायात खसखशीहून बारीक मणी ठेवायचा, वर चिकटपट्टी लावायची. मणी भिजवायचा एका प्रथिनात. प्रथिन माणसाचं, पण जिवाणूंकडून करवून घेतलेलं. बोटांच्या मधल्या पेशींना ‘आता मरा’ असा निरोप जातो, म्हणून बोटं सुटी होतात. हे प्रथिन तो निरोप अडवतं. मग कोंबडीच्या पिलाच्या बोटांतही बदकासारखा पडदा राहायला हवा.

ते प्रथिन येईपर्यंत साध्या पाण्यात भिजवलेल्या मण्यांवर सराव चालला होता. माझी दहातली सहा अंडी रक्ताळायची.

“ताई, अंडं आडवं ठिवा, जरा दम खाऊ द्या त्याला,” मागून सारजाबाई म्हणाल्या. “पिल्लू आपसूक वर येतंय.”

आमच्या प्रमुख मेधा मॅडमनी गंमत म्हणून त्यांच्या हाती सुई दिली. दहातली नऊ जगली. महिन्याभरात मणीही त्याच ठेवू लागल्या. “काय हात आहे!” मॅडम येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. मला कधी असं म्हणाल्या नव्हत्या. कहर म्हणजे शोधनिबंधात सारजाबाईंचं नाव घालायचं ठरलं, तेही माझ्या आधी. तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाने मात्र मी “छानच की” म्हटलं.

दीड महिन्याने परदेशातून त्या प्रथिनाची कुपी आली. आतला थर इतका पातळ, की नवख्याला ती रिकामीच वाटावी. मी ती बर्फात ठेवली होती. टेबल आवरता आवरता सारजाबाईंनी ती उचलली आणि उजेडाकडे धरली. खुडुक कोंबडीखाली ठेवायची अंडी त्या अशाच पारखायच्या, आणि त्यात त्या कधी चुकल्या नव्हत्या.

“ताई, ह्यात काईच न्हाई. टाकू का?”

मी मान वर करून बघितलं. कुपी कुठली ते मला ठाऊक होतं. नुसतं ‘नको’ म्हणायचं होतं.

“हं,” मी म्हटलं, आणि वहीत डोकं घातलं. झाकण काढलेली कुपी ब्लीचच्या बादलीत गेली.

दुपारी मॅडमनी कुपी मागितली तेव्हा मी वहीची पानं उलटत राहिले. सारजाबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. सगळं समजलं त्यांना.

“म्या टाकली. रिकामी वाटली. कुणाला इचारलं न्हाई.”

मॅडम ओरडल्या नाहीत. “उद्यापासून फक्त भांडी,” एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी फाटकापाशी मी त्यांना गाठलं. “माझं नाव का नाही घेतलंत?”

“तुमी मुलूख सोडून आलाय, ताई. ही नोकरी गेली तर जाताय कुटं? माजं घर हितंच हाय.”

त्या आपल्या वाटेने निघून गेल्या.

नवी कुपी आली. मी दोन डझन अंड्यांना खिडक्या पाडल्या, त्यातली पाच पिलं जगली. पाचांच्याही बोटांत पडदा होता. निबंध छापून आला, त्यात माझं नाव होतं, त्यांचं नव्हतं. मी वाटलेला पेढा सारजाबाईंनी कपाळाला लावून खाल्ला. “लई ग्वाड हाय,” म्हणाल्या, आणि नळ सोडून पुन्हा भांड्यांना लागल्या.

खरं काय ते मी आजवर मॅडमना सांगितलेलं नाही. सारजाबाईंचं काम घेतलं, निबंधातलं नाव घेतलं, तरी माझा जळफळाट थांबला नाही. एवढं मोठं मन त्यांनाच का मिळावं?