कोणी न विचारलेल्या खेळाडूंची फाइल

लॉकडाऊनच्या पहिल्या वर्षी फेल्डहोवन या आमच्या डच गावात घरोघरी माळे उपसले गेले आणि जुनी बेसबॉल कार्डं बाहेर आली. खेळाडूचा फोटो छापलेली, पत्त्याएवढी कार्डं. आमच्या संग्राहकांच्या ग्रुपवर जत्राच भरली. पण सगळे धावत होते त्याच चार-पाच बड्या नावांमागे. बाकीच्यांना कुत्रं विचारत नव्हतं, आणि माझं डोकं फिरायचं. मी इथे जुन्या यंत्रांच्या सुट्या भागांचा धंदा शून्यातून उभा केला. बँकेने दारात उभं केलं नाही, की आपल्या लोकांनी पाठीवर थाप मारली नाही. त्यामुळे असेल, दुर्लक्षित खेळाडू मला भावकीतले वाटतात.

हा खेळ मला शिकवला तो आमच्या रस्त्यावरच्या एका निवृत्त डच गृहस्थाने. गावच्या क्लबच्या सामन्यांची गुणनोंद त्याने चाळीस वर्षं केली होती. त्याच्याकडे एक जाडजूड फाइल होती, आणि तिच्यात एकही बडा खेळाडू नव्हता. प्रत्येक कार्डामागे त्याने पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असायची: हा माणूस थोर का. एक क्षेत्ररक्षक चेंडू येण्याआधीच योग्य जागी उभा असायचा, त्यामुळे त्याला कधी झेपावावं लागलं नाही. आणि झेप नाही म्हणून टाळ्याही नाहीत. एक गोलंदाज आयुष्यभर दुबळ्या संघात अडकला, म्हणून हरणारा ठरला.

माझा लाडका मात्र एक फलंदाज होता. बेसबॉलमध्ये चार वाईट चेंडू सोडले की फलंदाजाला पहिल्या बेसवर चालत जाता येतं. हा पठ्ठ्या वाईट चेंडूला बॅटच लावायचा नाही. गोलंदाज भुलवून भुलवून थकायचा आणि हा शांतपणे चालू लागायचा. लोक तिकीट काढतात ते चेंडू भिंतीपार गेलेला बघायला, चालणारा माणूस बघायला नाही. मी त्याच्यावर फिदा होतो, पण तसं कधी बोललो नाही. आवडलेल्या गोष्टीबद्दल आपण बोलतो कुठे?

पानगळीच्या दिवसांत म्हातारा म्हणाला, "मी छोट्या फ्लॅटमध्ये जातोय. फाइल तू घेशील का? तुला यातलं कळतं. किंमत तूच सांग."

कुलूप लागलेल्या मैदानाबाहेर आम्ही बाकाच्या दोन टोकांना बसलो होतो. मध्ये दीड मीटर अंतर, आणि त्या अंतरात फाइल. मला ती हवीच होती. म्हणून मी तेच केलं, जे आईबरोबर बाजारात जाऊन शिकलो होतो: माल आवडला की आधी त्याला नावं ठेवायची.

"कोपरे मऊ पडलेत," मी म्हणालो.

"हो, पडलेत."

"आणि यांना ओळखतं कोण? ग्रुपवर टाकले तर लोक हसतील."

"खरंच?"

"हा चालणारा बघ. याला फुकटसुद्धा कोणी नेणार नाही."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुला असं वाटतं?"

"मला असंच वाटतं," मी ठासून सांगितलं.

"मग राहू दे." त्याने फाइल मिटली.

मला वाटलं, गडी मुरलेला आहे. मी उठलो आणि चालू लागलो. अशा वेळी मागे वळून बघायचं नसतं. पावलं तेवढी हळू टाकायची, म्हणजे हाक ऐकू येते. हाक आली नाही. तरी मी आठ दिवस दम धरला.

बायको म्हणाली, "अरे, तो काय तुळशीबागेतला दुकानदार आहे का, 'ओ दादा, या, तुमच्याच भावात न्या' म्हणायला? जा ना मुकाट्याने!"

नवव्या दिवशी गेलो. तो दारात खोकी बांधत होता.

"फाइल?" मी विचारलं.

"रद्दीत दिली. क्लबची कागद गोळा करणारी गाडी शनिवारी येऊन गेली."

"चिठ्ठ्यांसकट?"

"त्या कोणाला हव्यात? चाळीस वर्षं मीच माझी समजूत घालत होतो म्हणायचं. तुला कळतं यातलं. तू सांगितलंस, बरं झालं."

माझा तोल गेला. भर रस्त्यात ओरडलो, "अरे, मी भाव पाडत होतो! फाइल मला हवी होती! एकदा उलट विचारायचंस तरी!"

"विचारलं होतं," तो म्हणाला. "तुला असं वाटतं का, म्हणून."

 मला त्याचा आजही राग येतो. चाळीस वर्षांची श्रद्धा माणूस एकाच्या शब्दावर रद्दीत टाकतो का? भांडायचं, शिव्या द्यायच्या, आपल्या मालाची बाजू घ्यायची! घरी असं शंभरदा म्हणून झालं. बायको ऐकून घेते आणि आपल्या कामाला लागते.

ती कार्डं काही दुर्मीळ नव्हती. कोणी विचारत नसल्यामुळे स्वस्तात मिळतात. चालणाऱ्याचं कार्ड मी एका संग्राहकाकडून मागवलं. थोडी घासाघीस केलीच. त्याच्यामागे चिठ्ठी अर्थातच नव्हती. ते घेऊन म्हाताऱ्याच्या नव्या फ्लॅटवर गेलो आणि दारातच सगळं सांगून टाकलं: हा मला सगळ्यांत आवडतो, अगदी पहिल्या दिवसापासून, आणि का तेही.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कार्ड हातात घेतलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि परत दिलं.

"तुझ्याकडेच ठेव," तो म्हणाला. "पण हे तुझं मत आहे की भाव, ते मला आता कसं कळणार?"

आवाजात राग नव्हता. त्याला खरंच ते जाणून घ्यायचं होतं.

त्यानंतरही आम्ही रस्त्यात भेटायचो, मास्क हनुवटीवर ओढून दोन मिनिटं उभे राहायचो. मी कोणा खेळाडूचा विषय काढला की तो आभाळाकडे बघायचा आणि म्हणायचा, "आज वारा जास्त आहे, नाही?"