बंडूच्या कानाला रिसीव्हर

आज आमचा जुना लँडलाइन फोन काढून नेला. रिकाम्या टेबलावरून फडकं फिरवताना बंडू आठवला, तुमच्या बाबाचा लाडका स्पॅनियल कुत्रा.

बाबा कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी अमेरिकेला गेला, तेव्हा दर रविवारी सकाळी कर्वेनगरच्या घरी त्याचा फोन येई. आजोबा बंडूचा लांब, मऊ कान उचलून त्याखाली रिसीव्हर धरायचे. "बंड्या" एवढं ऐकलं, की तो धावत फाटकापाशी जाई आणि अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राही. दूध-पोळीला तोंडही लावत नसे.

"अहो, पुरे आता हे," एका रविवारी मी म्हटलं.

"त्याला नकाशावर अमेरिका दाखव, म्हणजे उठेल," आजोबा म्हणाले, पण स्वतःच फाटकापाशी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

पुढच्या रविवारी बाबा म्हणाला, "आई, बंडूला दे ना."

बंडू माझ्या पायाशीच होता, माझ्याकडे बघत. मी म्हटलं, "हल्ली तो फोनपाशी येत नाही रे."

"विसरला का मला?"

"विसरला असेल. कुत्र्याची जात ती."

पलीकडून "बरं" आलं. बाबाने पुन्हा कधी विचारलं नाही. तो पहिल्या सुट्टीवर येण्याआधीच बंडू गेला.

मुक्या जिवाचे हाल थांबवले, असं तेव्हा मला वाटलं होतं. परक्या देशात एकट्या राहणाऱ्या माझ्या मुलाचा मी विचारच केला नाही.

तुम्हांला मराठी वाचता येत नाही, म्हणजे हे बाबाच वाचून दाखवत असेल. बंडू त्याला विसरला नव्हता. इथे तो थांबला, तर त्याला घाई करू नका.