विजेच्या खोलीतला हातमोजा

मंगळवारी दुपारी मैदानाच्या समितीची बैठक होती आणि विषय एकच होता: ओरिसियाला कामावर ठेवायचं की काढायचं. तिचा धाकटा भाऊ बोहदान मागच्या बाकावर बसला होता. गावच्या बर्फावरच्या हॉकी संघाचा हा एक्केचाळीस वर्षांचा कप्तान त्या दिवशी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

ओरिसिया सव्वीस वर्षं आमच्या बर्फाच्या मैदानाची वीज सांभाळते. आमच्या विलो फ्लॅट्स गावात हिवाळ्यात खरी ऊब चर्चमध्ये नसते की स्वयंपाकघरात नसते, ती असते मैदानामागच्या विजेच्या खोलीत. तिथल्या मोठ्या लोखंडी कपाटात वीज वाहणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या आहेत आणि त्याच्या माथ्यावर हवा जायला फटी. तिथून गरम वारा येतो, म्हणून तीन पिढ्यांनी त्यावर ओले हातमोजे वाळवले. ओरिसिया ते उचलून बर्फात भिरकावायची. तिने ‘इथे काही ठेवू नये’ अशी पाटी लावली, तर लोकांनी पाटीवर टोपी वाळत घातली!

‘‘तांबं तापणारच,’’ ती सांगायची. ‘‘त्याची धग बाहेर जायला वाट ठेवा. एवढंच मागतंय ते बिचारं.’’

पालथ्या घड्यावर पाणी. मग लोकांना सुधारण्यापेक्षा कपाट सुधारणं सोपं, असं ठरवून तिने सहा वर्षांपूर्वी स्वतः नकाशा काढला. माथा उतरता, म्हणजे ठेवलेली वस्तू घसरून पडेल. फटींवर बारीक जाळी. थंड हवा खालून आत, गरम वरून बाहेर, आणि ती गरम हवा भिंतीपलीकडच्या खोलीत, जिथे चाळीस खुंट्या. वाळवा म्हणावं तिथे हवं ते! मला विचाराल तर इतकी समजूतदार वस्तू या गावात दुसरी कुणी कल्पिली नाही. समितीचे अध्यक्ष लॉइड थॉर्केल्सन यांनी तो नकाशा खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावून टाकलं.

मग आला अंतिम सामना. केलर्टन गावाविरुद्ध, आमच्याच मैदानावर, चारशे माणसं. बोहदानचा हा शेवटचा हंगाम होता. तिसरा, म्हणजे शेवटचा डाव संपायला आठ मिनिटं उरली होती आणि आम्ही एका गोलने पुढे होतो.

ओरिसिया नेहमीच्या फेरीवर गेली. कपाटाच्या तपासणीच्या खिडकीतून तिने आतल्या पट्ट्यांच्या सांध्यांवर दुरून मोजणारा तापमापक रोखला. बाकीचे सांधे बावन्न अंशांवर आणि एकच सांधा एकशे नऊवर. विजेचा भार कमी व्हावा म्हणून तिने बर्फ गोठवणारं यंत्र बंद केलं. बर्फ अर्धा तास टिकतो. बाकांवरचे हीटर बंद केले, उपाहारगृहातली पेरोगी नावाच्या करंज्यांची कढई बंद केली. तरी आकडा चढतच होता. एकशे एकवीस. एकशे चौतीस. तिने ध्वनिक्षेपक हातात घेतला.

‘‘सगळ्यांनी शांतपणे बाहेर व्हा. दोन मिनिटांत मी वीज तोडतेय.’’

‘‘अगं, आठच मिनिटं राहिलीत!’’ बोहदान बर्फावरून ओरडला. ‘‘डोकं फिरलंय का तुझं?’’

‘‘माझं जागेवर आहे. तू बाहेर हो.’’

वीज गेली. सामना पुढच्या आठवड्यात केलर्टनला पुन्हा झाला आणि आम्ही चार-एकने हरलो. तेव्हापासून दुकानात ओरिसिया आली की लोक डब्यांवरची लेबलं वाचू लागत.

आता बैठकीत तिने टेबलावर एक हातमोजा ठेवला. करपून काळा, मनगटाची बाजू गायब.

‘‘हा आत सापडला,’’ ती म्हणाली. ‘‘कुणीतरी माथ्यावरची लोखंडी पट्टी वाकवून फट मोठी केली होती, तिच्यातून घसरला. ओला हातमोजा, तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये. आणखी थोडा वेळ गेला असता तर स्फोट होऊन कपाटाचं दार उडालं असतं, आणि दारासमोरूनच माणसं ये-जा करतात.’’

‘‘कुणाचा आहे?’’ लॉइडनी विचारलं. ‘‘नाव असेल की.’’

‘‘जळालं.’’

‘‘मग तुझाच निष्काळजीपणा कशावरून नाही? खोलीची जबाबदारी तुझ्याकडे.’’

आयुष्यभर उत्तराला उत्तर देणारी बाई गप्प बसली, तेव्हा बोहदानला ते सहन होईना. तो उठला.

‘‘हातमोजा माझा. जास्त गरम वारा यावा म्हणून पट्टीही मीच वाकवली, स्टिकच्या टोकाने. दुसऱ्या डावानंतर हातमोजे घ्यायला गेलो तर एकच वर होता. दुसरा आत गेलाय हे कळलं होतं मला.’’ तो सगळ्यांकडे वळला. ‘‘सांगितलं असतं तर तिने सामना थांबवला असता. म्हणून सांगितलं नाही. तुम्हा चारशे जणांना मी त्या छपराखाली बसवून ठेवलं. काढायचं तर मला काढा.’’

लॉइड उठले आणि ओरिसियाचा नकाशा ठेवलेल्या खणाची किल्ली शोधू लागले.

बाहेर गाडीत बसल्यावर ओरिसियाने कोटाच्या खिशातून कापडाची एक चिंधी काढून भावाच्या हातावर ठेवली. कात्रीने सरळ कापलेली, हातमोज्याच्या मनगटाची. एक कोपरा सोडला तर आग लागलेली नव्हती. आतल्या बाजूला, तीन वर्षांपूर्वी गेलेल्या आईने निळ्या दोऱ्याने भरलेलं नाव स्पष्ट होतं: बोहदान.

‘‘तू तर जळालं म्हणालीस,’’ तो म्हणाला.

‘‘नव्या हातमोज्याला शीव ही,’’ ओरिसिया म्हणाली आणि तिने गाडी सुरू केली. ‘‘आणि वाळवायचा असेल तेव्हा माझ्या घरी आणत जा.’’