बाटलीची कुंची

थर्मासातला बर्फ मोरीत ओतून त्यात चहा भरला, तो मीच. दवाखान्यात बसलेल्या माणसाला चहा न्यायचा, ही सुरतेतल्या आमच्या नवागामच्या चाळीची रीत; आणि शेजारच्या सुपडूच्या घरात थर्मास दिसल्यावर मला दुसरं काय सुचणार? बर्फात औषधाची एक छोटी बाटली होती. ती हरवू नये म्हणून मी खिडकीत, चांगल्या उन्हात, उभी करून ठेवली. नीटनेटकेपणा हा माझा जुना दोष.

दवाखान्यात सुपडूने झाकण उघडलं, तर वाफ आली.

"भाऊ, आतलं औषध?"

"खिडकीत आहे," मी म्हणालो. त्या दिवशी दवाखान्यात पडलेल्या त्याच्या पोरीला, नूतनला, औषध मिळालं नाही. दुसरी बाटली मुंबईहून यायला एक दिवस गेला.

सुपडू धरणगावकडचा. उधन्याच्या कापड कारखान्यात बारा यंत्रमागांवर एकटा उभा राहायचा. त्या खडखडाटात कुठला धागा तुटला, ते पाठमोरा असला तरी ओळखायचा. चार वर्षांच्या नूतनची डोकेदुखी मात्र पंधरा दिवस 'उष्णता' म्हणून गेली. मग डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढून तपासलं. मेंदूत बुरशी. सुरतेतल्या प्लेगला वर्षही झालं नव्हतं. चाळीने दारं लावून घेतली.

"बुरशी भाकरीले येते, पोरीले कशी आली रे?" समोरच्या मालतीबाईंनी दाराच्या फटीतून सुपडूला विचारलं.

"भाकर तुमच्याकडूनच आणली व्हती, मावशी."

फटही बंद झाली.

औषधाला उजेड चालत नाही, असं डॉक्टर म्हणाले, तर सुपडूने काळ्या कापडाची, बाळंतविड्यात देतात तशी कुंची सलाईनच्या बाटलीला शिवली. रोज सहा तास थेंब पडायचे. औषध चढू लागलं की नूतनला हुडहुडी भरायची. तो तिचे पाय दाबून धरायचा, नजर थेंबांवर. थेंब अडला की ताडकन उठायचा.

विसाव्या दिवशी थेंब नीट चालू होते आणि नूतन गेली.

दहावं झाल्यावर मी थर्मास परत द्यायला गेलो. चहाचा वास जावा म्हणून तीनदा सोड्याने धुतला होता.

"सुपडू," मी धीर करून म्हणालो, "डॉक्टर म्हणत होते, हा आजार वाचूच देत नाही. म्हणजे मी त्या दिवशी चहा भरला नसता, तरी..."

त्याने थर्मास उघडून आत पाहिलं.

"एक दिवस जास्त जगती."